छातीवरचे दोन हात

आरोग्याच्या लेखाची सुरुवात फुटबॉलच्या सामन्याने व्हावी, हे आपणांपैकी अनेकांना विचित्र वाटेल. आमच्या परभणी जिल्ह्यात कबड्डीची मैदाने भरतात, जत्रेत कुस्तीचे फड रंगतात, क्रिकेट तर गल्लोगल्ली आहे. फुटबॉलचे वेड असावे ते कोल्हापूरच्या तालमींना किंवा गोव्याच्या गावांना. तरीही गेली अनेक वर्षे एक सामना माझ्या मनात घर करून आहे. आज तो आपल्यापुढे मांडतो आहे, कारण त्यातील प्रश्न मैदानावरचा कमी आणि आपल्या घराच्या ओसरीवरचा अधिक आहे.

तारीख होती ५ डिसेंबर २००४. बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूला गोव्याचा डेम्पो स्पोर्ट्स क्लब, दुसऱ्या बाजूला कोलकात्याचा मोहन बागान. डेम्पोकडून खेळणाऱ्या क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझीलच्या तरुणाने पहिला गोल केला. सामना संपत आला असताना त्याने दुसराही केला. मात्र चेंडू जाळ्यात जात असतानाच त्याची समोरच्या गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो खाली कोसळला. तो पुन्हा उठला नाही. सामना डेम्पोने २-० असा, त्याच्याच दोन गोलांवर जिंकला. पण चषक हाती घेताना आनंद मानायला कोणाचे मन धजावणार? क्रिस्तियानोचे वय होते अवघे पंचवीस. पुढे त्याची दहा क्रमांकाची जर्सी क्लबने सन्मानपूर्वक बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ही बातमी वाचली तेव्हा मला व्यवसायात सात-आठ वर्षे झाली होती. वाईट वाटले, पान उलटले आणि सकाळचे रुग्ण तपासायला बसलो. त्या बातमीतला प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचायला आणखी तीन वर्षे जावी लागली.

गुरुजींच्या ओसरीवर

माझ्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर एक निवृत्त शिक्षक राहत असत. आम्ही सारे त्यांना गुरुजीच म्हणत असू. वय अडुसष्ट, उच्च रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. परंतु पथ्याला पक्के. आठ वर्षे दर महिन्याला ते माझ्याकडे येत. मी रक्तदाब मोजत असे, मिठाबद्दल बजावत असे, गोळ्या लिहून देत असे.

थंडीच्या दिवसांतील एका सकाळी त्यांचा नातू धापा टाकत आला. मी तसाच निघालो. ओसरीवर पंचवीस-तीस माणसे जमली होती. गुरुजी खाटेवर होते. कोणी नाकाशी फोडलेला कांदा धरला होता, कोणी तळपाय चोळत होते, कोणी पंख्याने वारा घालत होते. एका वृद्ध नातलगाने तुळशीचे पान आणि गंगाजल तोंडात घालण्याची तयारी केली होती. साऱ्यांचे प्रेम खरे होते, धावपळही खरी होती. परंतु गुरुजी कोसळल्याला तोवर दहा-बारा मिनिटे होऊन गेली होती आणि त्या काळात त्यांच्या छातीला कोणाचाही हात लागलेला नव्हता. मी त्यांना जमिनीवर घेतले, छातीवर दाब देऊ लागलो, बराच वेळ देत राहिलो. उपयोग झाला नाही.

तेराव्यानंतर काकू दवाखान्यात आल्या. त्यांनी दोष दिला नाही. फक्त विचारले, "साहेब, तुम्ही यायच्या आधी आम्ही काय करायला पाहिजे होतं?"

या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. उत्तर मला ठाऊक नव्हते असे नाही. वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकलोच होतो. परंतु आठ वर्षांत, शंभराच्या आसपास भेटींत, ते मी त्या घरातील एकाही माणसाला सांगितले नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

झटका वेगळा, हृदय बंद पडणे वेगळे

आपल्या बोलण्यात 'अटॅक आला' हा एकच शब्द दोन निराळ्या घटनांसाठी वापरला जातो. त्यांतील फरक आधी समजून घेऊ.

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणारी एखादी वाहिनी अडली की त्या भागातील स्नायू मरू लागतात. हा हृदयविकाराचा झटका. यात रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो, छातीत दडपल्यासारखे होते असे सांगतो. त्याला लवकरात लवकर रुग्णालयात नेणे हेच काम.

हृदय बंद पडणे ही निराळी अवस्था आहे. येथे हृदयाची विद्युतयंत्रणाच विस्कटते. पुष्कळ वेळा हृदय लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहते. ते रक्त पुढे ढकलत नाही. काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. मेंदूला रक्त मिळाले नाही तर चार ते सहा मिनिटांत त्याला कायमची इजा होऊ लागते. मदत न मिळता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे दहा मिनिटांनंतर फारसे काही हाती उरत नाही.

झटक्याचे पर्यवसान हृदय बंद पडण्यात होऊ शकते, म्हणून दोन्हींची गल्लत होते. परंतु पहिल्या प्रसंगी वाहन शोधायचे असते. दुसऱ्या प्रसंगी वाहन येईपर्यंत छातीवर हात ठेवायचे असतात.

शासनाची १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आपल्या राज्यात आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण जिंतूरच्या डोंगराळ भागातील वाडी असो की पालम-सोनपेठकडचे गोदाकाठचे गाव, तेथे चार मिनिटांत रुग्णवाहिका पोहोचावी अशी अपेक्षा कोणीही करू नये. मोठ्या शहरांतही ती पुरी होत नाही. त्या चार मिनिटांचा डॉक्टर म्हणजे घरात त्या वेळी जो कोणी असेल तो.

जपानने घेतलेला धडा

याबाबत जपानचे उदाहरण मला फार बोलके वाटते. तेथील राजघराण्यातील राजपुत्र ताकामादो हे जपानच्या फुटबॉल संघटनेचे मानद अध्यक्ष होते. नोव्हेंबर २००२ मध्ये स्क्वॉश खेळत असताना त्यांचे हृदय बंद पडले. वय होते सत्तेचाळीस. हृदयाला विजेचा झटका देऊन त्याची लय पूर्ववत करणारे यंत्र त्या काळी तेथे सर्वसामान्य माणसाने हाताळण्याची मुभा नव्हती. या मृत्यूने देश हळहळला, चर्चा झाली आणि जुलै २००४ पासून जपानमध्ये सामान्य नागरिकांनाही हे यंत्र वापरण्याची परवानगी मिळाली. त्या यंत्राला एईडी म्हणतात. ते स्वतःच हृदयाची लय तपासते, झटक्याची गरज आहे की नाही हे ठरवते आणि काय करायचे ते बोलून सांगते. पुढे जपानमधील रेल्वे स्थानके, शाळा, कार्यालये येथे ही यंत्रे दिसू लागली.

तरीही धडा अपुरा राहिला होता. नाओकी मात्सुदा हा जपानचा नामवंत बचावपटू. २००२ च्या विश्वचषकात तो देशाकडून खेळला होता. योकोहामा मारिनोस या क्लबकडून तो सोळा वर्षे खेळला आणि २००३ व २००४ अशी सलग दोन वर्षे त्या क्लबने जपानची व्यावसायिक लीग जिंकली, तेव्हाही तो संघात होता. २०११ मध्ये तो मात्सुमोतो यामागा या खालच्या श्रेणीतील क्लबकडे गेला. २ ऑगस्ट २०११ रोजी सरावाच्या वेळी तो मैदानावर कोसळला. हृदयविकाराचा तीव्र झटका होता, हृदय बंद पडले होते, आणि सरावाच्या त्या मैदानावर एईडी नव्हते. दोन दिवसांनी, ४ ऑगस्टला तो गेला. वय चौतीस. देशभर यंत्रे होती. जेथे हवे होते नेमके तेथे नव्हते.

आता दुसरे चित्र पाहा. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्क आणि फिनलंड यांचा सामना सुरू असताना डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन कोणाचाही धक्का न लागता खाली पडला. साऱ्या जगाने ते दूरदर्शन संचावर पाहिले. सहकारी तत्काळ धावले, छातीवर दाब देणे लगेच सुरू झाले, एईडीचा झटका दिला गेला. मैदानातून बाहेर नेले तेव्हा तो शुद्धीवर होता. त्याच्या छातीत हृदयाची लय राखणारे छोटे यंत्र बसवण्यात आले. तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला आणि २०२४ च्या युरोपीय स्पर्धेत त्याने आपल्या देशासाठी गोलही केला.

मात्सुदा आणि एरिक्सन यांचे आजार सारखेच होते असे मला म्हणायचे नाही. क्रिस्तियानोचे तर नव्हेच. प्रत्येक प्रसंग निराळा असतो आणि सारे काही वेळेवर करूनही माणूस जाऊ शकतो. परंतु पहिली काही मिनिटे रिकामी गेली की उरलेल्या साऱ्या वैद्यकशास्त्राचे हात बांधले जातात.

आचके म्हणजे श्वास नव्हे

घरातील माणसांची फसगत होते ती बहुधा एकाच ठिकाणी. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे रुग्ण मधूनमधून जबडा उघडून घरघरल्यासारखा श्वास घेताना दिसतो. आपण त्याला आचके म्हणतो. ते पाहून काहींना वाटते, 'श्वास चालू आहे, म्हणजे धोका नाही.' काहींना वाटते, 'शेवटची घटका आली, आता गंगाजल घाला.' दोन्ही समजुती घातक आहेत. आचके हे नियमित श्वसन नव्हे. हृदय थांबल्याची ती खूण आहे आणि त्याच वेळी मेंदू अजून जिवंत असल्याचीही. म्हणजे छातीवर दाब देण्याची हीच खरी वेळ.

मुखात गंगाजल घालण्यामागील श्रद्धेचा मी आदर करतो. आम्ही गोदावरीलाच गंगा म्हणणारी माणसे. पण अकस्मात कोसळलेल्या बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेले पाणी श्वासनलिकेत उतरते. त्या क्षणी आपले हात तांब्याकडे नकोत, छातीकडे हवेत.

नेमके काय करावे

पुढील क्रम कापून घरात, दूरध्वनीच्या जवळ किंवा देवघराशेजारी लावून ठेवावा.

१. खांदे जोरात हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही, नियमित श्वास नाही किंवा केवळ आचके आहेत, असे दिसल्यास हृदय बंद पडले आहे असे समजा. हे ठरवायला दहा सेकंदांहून अधिक वेळ घेऊ नका. नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या बोटांना ती सापडत नाही.

२. शेजाऱ्यांना हाक मारा. एकाला १०८ वर दूरध्वनी करण्यास नाव घेऊन सांगा. "कोणीतरी फोन करा" असे म्हटले की कोणीच करत नाही. एकटेच असाल तर भ्रमणध्वनीचा स्पीकर चालू करून शेजारी ठेवा.

३. रुग्णाला खाटेवरून किंवा गादीवरून खाली, टणक जमिनीवर उताणे घ्या. उचलणे जमत नसेल तर चादरीसकट ओढून घ्या. खाटेच्या नवारीवर दिलेला दाब नवारीतच जिरतो.

४. छातीच्या मध्यभागी, छातीच्या उभ्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवा. त्यावर दुसरा हात ठेवून बोटे गुंफा. कोपर ताठ ठेवा, खांदे हातांच्या बरोबर वर आणा आणि अंगाचा भार टाकून दाबा.

५. छाती पाच ते सहा सेंटीमीटर खाली गेली पाहिजे. प्रत्येक दाबानंतर तिला पूर्ण वर येऊ द्या. वेग मिनिटाला १०० ते १२० दाब, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. दिंडीतील गजर चढत्या लयीत आला की टाळ जसे पडतात, साधारण तशी ही लय. मोठ्याने मोजत राहा.

६. थांबू नका. दर दोन मिनिटांनी दाब देणारा माणूस बदला, कारण थकलेला माणूस नकळत उथळ दाबू लागतो. बदल काही सेकंदांत व्हावा.

७. एईडी उपलब्ध झाले तर चालू करा आणि ते सांगेल तसे करा. रुग्ण हालचाल करू लागेपर्यंत, नियमित श्वास घेईपर्यंत किंवा रुग्णवाहिकेतील डॉक्टर सूत्रे हाती घेईपर्यंत दाब चालू ठेवा.

तोंडाने श्वास देण्याचे प्रशिक्षण नसेल तर अचानक कोसळलेल्या प्रौढ माणसाला केवळ छातीवर दाब दिला तरी चालतो. बुडालेली व्यक्ती आणि लहान मुले यांना मात्र श्वास देणेही आवश्यक असते; त्यासाठी रीतसर प्रशिक्षण घ्यावे.

एखादा माणूस बेशुद्ध आहे, पण श्वास नियमित चालू आहे, तर छाती दाबू नका. त्याला एका कुशीवर वळवा आणि श्वासाकडे लक्ष ठेवा. मधुमेही व्यक्तीची साखर कमी झाल्यास ती शुद्धीवर असेल तरच साखर खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

मनातल्या शंका

"आमच्या हाताने बरगडी मोडली तर?" हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. उत्तर सरळ आहे: वृद्ध माणसाच्या बाबतीत ती मोडू शकते, कडकन आवाजही येऊ शकतो. तरी थांबू नये. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत जुळते. थांबलेले हृदय वाट पाहत नाही.

"हृदय चालूच असेल आणि आम्ही दाबले तर?" तसे असेल तर रुग्ण हलेल, कण्हेल, तुमचे हात झटकेल. मग थांबा. त्यात होणारी हानी किरकोळ आहे. न दाबण्यातील हानी भरून न येणारी आहे.

तिसरी शंका सहसा बोलून दाखवली जात नाही. सुनेला वाटते, सासऱ्यांच्या छातीला हात कसा लावू? तरुण शेजाऱ्याला वाटते, काकूंच्या अंगाला कसा स्पर्श करू? आपल्या मर्यादेच्या संस्कारांतून हा संकोच येतो आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तो आजच, सारे ठणठणीत असताना, घरातील वडीलधाऱ्यांनीच दूर केला पाहिजे. "मला काही झाले तर बेधडक हात लाव, बाई," असे सासऱ्यांनी सुनेला एकदा स्पष्ट सांगावे. या एका वाक्याने कोणाचा तरी जीव वाचू शकेल.

चौथी शंका वृद्ध दांपत्यांची. मुले पुण्या-मुंबईला, घरात दोघेच, आणि जिला दाब द्यायचा तिचेच गुडघे दुखणारे. अशा घरांनी शेजारच्या दोन-तीन तरुणांना हे शिकवून ठेवावे, रात्री हाक ऐकू जाईल अशी व्यवस्था करावी आणि दाराची कडी बाहेरून उघडता येईल असे पाहावे. दाब देण्याचे हे तंत्र १९६० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या तिघा संशोधकांनी जगापुढे मांडले आणि त्यांतील एक, कौवेनहोवेन, डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. त्या तिघांच्या म्हणण्याचा आशय असा की, यासाठी लागतात ते फक्त दोन हात. ते कोणाचे आहेत याला महत्त्व नाही.

त्याआधीची सूचना ओळखा

हृदय नेहमीच न सांगता थांबते असे नाही. छातीत दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, थंड घाम, मळमळ, एकाएकी धाप, यांपैकी काही जाणवले तर 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका. मधुमेही आणि वृद्ध व्यक्तींना वेदना न होता केवळ धाप लागणे किंवा विलक्षण थकवा एवढेच लक्षण असू शकते. अशा वेळी रुग्णाला चालवत नेऊ नका. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची आपल्याकडील पद्धत तर सोडलीच पाहिजे; वाटेत तो कोसळला तर तेथे कोणी काहीच करू शकत नाही. १०८ बोलवा आणि ती येईपर्यंत त्याला टेकून बसवा. शेजाऱ्याच्या डबीतील जिभेखालची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. तिने रक्तदाब धोकादायक रीतीने उतरू शकतो. अशा प्रसंगी आपल्या घरातील रुग्णाला एस्पिरिन द्यावी की नाही, हे त्याच्या डॉक्टरांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवा.

खेळाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी जर्मनीतील म्युनिक परिसरात जर्मन डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. ज्या दिवशी जर्मनीचा सामना असे, त्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या अडीचपटीहून अधिक होत्या, आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका जास्त होता. आपल्याकडे फुटबॉलच्या जागी क्रिकेट वाचावे. सामना जरूर पाहा. पण त्या रात्रीची गोळी चुकवू नका, जागरण आणि तंबाखू टाळा, आणि शेवटच्या षटकात एकटे बसू नका.

ज्यांना हे नको असेल

शेवटी एक अवघड विषय, पण ज्येष्ठांसाठीच्या लेखात तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. छातीवर दाब देणे हे अचानक थांबलेल्या हृदयासाठी आहे. जो माणूस दीर्घ, असाध्य आजाराच्या अखेरीस पोहोचला आहे, ज्याचे सारे शरीरच निरोपाची तयारी करीत आहे, त्याच्यासाठी ते बहुधा वेदना वाढवणारे ठरते. तेथे हात हातात घेऊन बसणे, वेदना शमवणे आणि, होय, गंगाजलाचे दोन थेंब ओठांवर लावणे हीच खरी शुश्रूषा.

यातील निवड आपली आहे आणि ती आपण बोलून दाखवावी. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने प्रौढ व्यक्तीला आपल्या अंतिम उपचारांविषयी आधीच लेखी इच्छा नोंदवण्याचा अधिकार मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत सुलभ केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती प्रमाणित करता येते. कागद करा वा न करा, पण मुलांना सांगा. काय हवे आहे आणि काय नको, हे ठाऊक असलेल्या घरात त्या क्षणी भांडणे होत नाहीत आणि पुढे आयुष्यभर मनाला टोचणी लागत नाही.

आता आपल्या घरी

काकूंच्या त्या प्रश्नानंतर मी दवाखान्यात घट्ट गुंडाळलेली एक वाकळ ठेवली. हृदयविकाराचा, रक्तदाबाचा रुग्ण आला की त्याच्यासोबत आलेल्या माणसाला मी त्या वाकळीवर दोन मिनिटे दाब द्यायला लावतो. पहिल्यांदा सगळे हसतात. एक मिनिट झाले की हसू थांबते आणि घाम येतो. मग त्यांना कळते की हे एकट्याचे काम नाही, आणि ते स्वतःच विचारतात, "घरातल्या बाकीच्यांना कधी आणू?"

या पद्धतीने किती जीव वाचले असे आपण विचाराल, तर माझ्याकडे आकडा नाही. एवढेच सांगतो की पहिल्यांदा शिकायला आल्या त्या काकूच. गुरुजी गेल्यावर त्यांना याचा काय उपयोग, असे मी मनात म्हणत होतो. त्यांनी वाकळीवर दाब दिला, दम घेतला आणि म्हणाल्या, "गल्लीत आमच्यासारखी अजून नऊ घरं आहेत, साहेब."

हे पाक्षिक खाली ठेवण्यापूर्वी घरातील एखादी उशी किंवा गादीची वळकटी जमिनीवर घ्या. नातवंडांना हाक मारा. दोन हात एकावर एक ठेवा, कोपर ताठ करा आणि मोठ्याने मोजायला सुरुवात करा: एक, दोन, तीन, चार.